परदेशप्रवासात सुख कुठे लागतं आणि जीव कुठे मेटाकुटीला येतो?

पायवाट

नमस्कार मंडळी,

परदेशातून कुणी परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काय काय पाहिलंत?" मग आपण नावं सांगत सुटतो. मला मात्र सहा महिन्यांनी जे आठवतं, ते या यादीत बहुतेक वेळा नसतंच.

लिस्बनमधला कार्मोचा मठ घ्या. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तिथल्या चर्चचं छप्पर कोसळलं. पुढे डागडुजी झाली, पण मधल्या भागावर छप्पर चढलं नाही ते आजतागायत. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर थेट आकाश. तिथे मी किती तरी वेळ नुसती बसून होते. ढग सरकत होते, कमानींच्या सावल्या जमिनीवरून फिरत होत्या. कुठेही पोचायची घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात २८ नंबरच्या ट्रामसाठी लांबलचक रांगेत उभी राहिले. आत शिरल्यावर पाय ठेवायला जागा नाही, खिडकीऐवजी समोरच्याच्या पाठीवरची सॅक. उतरल्यावर डोकं इतकं तापलं होतं की अल्फामाच्या सुंदर गल्ल्यांकडे लक्ष जायलाच वेळ लागला.

माझं मत सरळ सांगते. सुख मुक्कामात असतं आणि वैताग हलण्यात असतो. गाव बदललं की सामान बांधा, स्टेशन गाठा, खोली ताब्यात मिळेपर्यंत बॅगा कुठे ठेवायच्या ते शोधा, नव्या शहरात बसचं तिकीट कसं काढतात ते शिका. अर्धा दिवस यातच जातो. म्हणून गावं कमी, दिवस जास्त.

तुमचा अनुभव काय? सुखाचं आणि वैतागाचं, दोन्ही लिहा. नेमकं काय झालं ते सांगा.

काजवा

+१. पण ताई, तुमचा वैताग लिस्बनला सुरू होतो. माझा त्याच्या तीन महिने आधी सुरू होतो. व्हिसा!

शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, नियम कागदावर स्वच्छ आहेत. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, आणि दिवस सारखेच असले तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. विमा किमान ३०,००० युरोंचा. इथपर्यंत तक्रार नाही. पण अपॉइंटमेंटचं पान उघडावं तर सगळे दिवस राखाडी. मग पहाटे उठून बघा, रात्री झोपण्याआधी बघा. पासपोर्ट जमा केला की रोज तोच विचार, वेळेत हातात पडेल ना. विमानाचं तिकीट काढलेलं, हॉटेल ठरलेलं, आणि आपण जाणार की नाही हे आपल्यालाच ठाऊक नाही.

मला यातला अपमान जास्त टोचतो. बँकेचे कागद, नोकरीचं पत्र, परतीचं तिकीट, आणि वर "तुम्ही परत जाणार हे सिद्ध करा." काही पासपोर्टवाले याच दारातून काही न विचारता आत जातात. १९२० साली पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेत पासपोर्टाचा एकसारखा नमुना ठरला. तेव्हा व्यवस्था एकसारखी करण्याचा विचार होता. कागद एकसारखे झाले, माणसं झाली नाहीत.

टिटवी

काजवा, शेवटचं वाक्य मनापासून पटलं.

हिशेबनीस

मला धाग्याचं मूळ म्हणणं अजिबात पटलेलं नाही. राग मानू नका, पण "एकाच गावी निवांत राहा" हा सल्ला पुन्हा पुन्हा जाऊ शकणाऱ्यांचा आहे.

माझे वडील रेल्वेत होते. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना आणि आईला युरोपच्या ग्रुप टूरला पाठवलं, मीही बरोबर गेलो. रोज नवीन गाव. पहाटे उठणं, बसमध्ये डुलक्या. पण त्या दौऱ्यात युंगफ्राउयोख होतं. ३,४५४ मीटर उंचीवरचं स्टेशन, आणि तिथे जाणारी रेल्वे आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून जाते. काम १८९६ ला सुरू झालं आणि १९१२ ला पूर्ण झालं. सोळा वर्षं माणसांनी डोंगर कोरला. वडिलांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. दातेरी रुळावर गाडी चढायला लागली तेव्हा ते माझा हात धरून एकेक गोष्ट दाखवत होते. चढ किती असेल, उतरताना ब्रेक कसा लावत असतील, बोगद्यात पाणी कुठून वळवलं असेल. वर पोचल्यावर बाकी सगळे बर्फात फोटो काढत होते आणि हे परत प्लॅटफॉर्मवर येऊन इंजिनाखाली वाकून बघत होते. आईला थंडी वाजत होती, तरी ती म्हणाली, "राहू दे, बघू दे त्यांना."

त्यानंतर ते परदेशी गेले नाहीत, तब्येतीमुळे जाणं शक्यही नव्हतं. त्यांच्या वाट्याला एकच दौरा आला, आणि त्यात रोम आलं, पॅरिस आलं, तो बोगदा आला. त्यांना एकाच गावी "निवांत" बसवलं असतं तर यातलं काय मिळालं असतं? ज्यांना एकदाच जाता येतं त्यांनी धावत बघावं, भरपूर बघावं. दमणूक दोन दिवसांत उतरते.

निळी_शाई

हिशेबनीस, वडिलांचं वाचून फार बरं वाटलं.

तरी "भरपूर बघावं" याबद्दल एक सांगते. लूव्रमध्ये मोनालिसासमोरची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. चित्र केवढं? ७७ बाय ५३ सेंटिमीटर. लोक हात वर करून फोन धरतात, दोन क्षण थांबतात आणि कर्मचारी पुढे व्हायला सांगतात. पण त्याच दालनात, बरोब्बर समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझेचं 'काना येथील लग्न' आहे. १५६३ चं. उंची पावणेसात मीटर, रुंदी जवळजवळ दहा मीटर. मुळात व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी काढलेलं, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उचलून आणलं. शंभरावर माणसं, वाद्यं वाजवणारे, कुत्री, भांडी, रेशमी कपडे. आणि सगळ्या गर्दीची त्याच्याकडे पाठ!

मी गर्दी सोडून तिकडे वळले आणि अर्धा तास कुणीही मला हलवलं नाही. दिवसभरातलं सगळ्यात मोठं सुख तेच. दालन तेच, तिकीट तेच.

उनाड

मोनालिसाला तरी कुठे माहीत होतं, समोर लग्न लागलंय आणि सगळे वऱ्हाडी आपल्याकडेच बघत बसलेत :)

पायवाट

उनाड, :D

निळी_शाई, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे.

हिशेबनीस, राग कसला? तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. यावर नीट विचार करून लिहीन.

दीपगृह

वैतागाच्या यादीत जेट लॅग कुणीच कसा आणला नाही? पेशाने डॉक्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आपल्या शरीराचं आतलं घड्याळ बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे दिवस ताणणं सोपं जातं, आखडणं अवघड. पश्चिमेकडे गेलं की दिवस ताणला जातो आणि पूर्वेकडे गेलं की आखडतो, म्हणून पूर्वेचा प्रवास जास्त छळतो. साधारण एका टाइम झोनला एक दिवस धरा. हे घड्याळ सरकवायचं सगळ्यात प्रभावी साधन म्हणजे उजेड. पूर्वेकडे पाच-सहा तासांच्या फरकाच्या ठिकाणी गेलात तर सकाळी बाहेर पडा, उन्हात चाला. पश्चिमेला गेलात तर संध्याकाळचा उजेड घ्या. दुपारी झोप अनावर झाली तर वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

या हिशेबाने पायवाट यांचं म्हणणं मला पटतं. आठ दिवसांच्या धावत्या दौऱ्यात शरीर रुळावर येईपर्यंत परतीचं विमान येतं.

पण याच जेट लॅगमुळे मला इस्तंबूलमधली एक सकाळ मिळाली. पहाटे टक्क जाग, झोपेचं नाव नाही. मग एमिनोन्यूच्या धक्क्यावर जाऊन पहिल्या फेऱ्यांपैकी एका बोटीत बसलो आणि काडिकॉयला गेलो. युरोपातून आशियात, कामावर निघालेल्या लोकांबरोबर. सीगल बोटीच्या बरोबरीने उडत होते, मागे घुमट आणि मिनार हळूहळू उजळत होते. हाया सोफिया ५३७ साली बांधून झाली, तेव्हापासून किती लोकांनी हे पाण्यावरून पाहिलं असेल असं वाटलं. पर्यटकांची बोट नव्हे ती, रोजची बोट. तीच घ्यावी.

काजवा

डॉक्टर, रोजच्या बोटीला +१००. परदेशात गावातल्या लोकांच्या रोजच्या वाहनात बसलं की शहर खरं कळतं.

मधमाशी

मी एकटी फिरते. बाईने एकटीने परदेशी फिरण्यातलं सुख आणि वैताग दोन्ही वेगळे असतात, म्हणून लिहिते.

सुख: जपानमधल्या कानाझावामध्ये रात्री दहा वाजता एकटी चालत खोलीवर गेले. कालव्याकाठचा रस्ता, दिवे मंद, पाऊस नुकता थांबलेला. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मागे कुणाची पावलं वाजतात का, हे मी ऐकतच नाहीये. आयुष्यभर अंगात मुरलेली ती सावधगिरी कधी गळून पडली ते कळलंही नाही. मुद्दाम एक फेरी जास्त मारली. त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाईन, कुठलंही देऊळ न बघता.

सगळीकडे असं नसतं. दुसऱ्या एका शहरात संध्याकाळनंतर इतक्या वेळा कुणीतरी बरोबर चालायला लागलं की शेवटचे दोन दिवस मी अंधार पडायच्या आत खोलीत. बाहेर शहर झगमगत होतं आणि मी खिडकीपाशी. तो वैताग रांगेचा नाही, तो संताप आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

जपानबद्दल उपयोगाचं: मोठी बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवायची सोय आहे, ताकुहाइबिन म्हणतात. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. रिकाम्या हाताने रेल्वेत बसायचं! आणि काही हरवलं तर कोबान म्हणजे पोलीस चौकीत जरूर विचारा, लोक सापडलेल्या वस्तू तिथे नेऊन देतात. एकच त्रास म्हणजे कचऱ्याचे डबे. १९९५ मध्ये टोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पुष्कळ ठिकाणचे डबे काढून टाकले. दिवसभर कचरा पिशवीत घेऊन हिंडायची तयारी ठेवा.

टिटवी

मधमाशी, "मी ऐकतच नाहीये" वाचून अंगावर काटा आला. हे मुलग्यांना समजावून सांगता येत नाही.

हिशेबनीस

टिटवी, समजावून सांगा. मधमाशीताईंचा प्रतिसाद वाचेपर्यंत मी प्रवासाचा या अंगाने कधीच विचार केला नव्हता.

जुनी_खिडकी

सामान हरवण्याबद्दल कुणीच बोललेलं नाही, म्हणजे तुम्ही सगळे भाग्यवान.

भाचीच्या पदवीदानाला एडिंबराला गेले होते. नोव्हेंबर महिना. पट्टा फिरत राहिला, एकेक जण आपली बॅग घेऊन गेला, शेवटी पट्टा बंद झाला. बॅगेत सगळे गरम कपडे. विमान कंपनीचा फोन लागला की संगीत वाजायचं आणि मग कटायचा. वेबसाइटवर "शोध सुरू आहे" हे एकच वाक्य, दिवसेंदिवस. अनोळखी देशात आपल्या तक्रारीला समोर माणूसच नसणं, हे मला सामान जाण्याहून वाईट वाटलं.

आम्ही जिथे उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मला नुसत्या स्वेटरवर बाहेर पडताना पाहिलं, आत गेल्या आणि स्वतःचा जाड लोकरी कोट माझ्या हातात ठेवला. "थंडी संपेपर्यंत ठेव," म्हणाल्या. समारंभाच्या सगळ्या फोटोंत मी त्यांच्या कोटात आहे. बॅग नंतर आली, पण त्या बाईंना मी आजही पत्र लिहिते.

आता माहितीचं. बॅग आली नाही तर विमानतळातून बाहेर पडण्याआधीच तक्रार नोंदवा आणि पीआयआर नावाचा कागद घ्या, त्यावर क्रमांक असतो. तोंडी सांगून निघू नका. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. उशिरा आली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करायचा. मोडतोड झाली असेल तर सातच दिवस. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा.

काजवा

उत्तम माहिती. याला जोडून: विमानालाच उशीर झाला तर युरोपीय संघाचा २००४ चा नियम आहे, २६१ क्रमांकाचा. तिथल्या कुठल्याही विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला तो लागू होतो, कंपनी कुठलीही असो. पोचायला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. वादळासारखं कारण असेल तर पैसे नाहीत, पण ताटकळलेल्यांची सोय त्यांनी करायचीच. कंपन्या आपण होऊन सहसा काही देत नाहीत, अर्ज आपणच करायचा.

टिटवी

आणि कार्डाचं मशीन "तुमच्या चलनात पैसे भरायचे का?" असं विचारतं ना, तेव्हा त्या देशाचंच चलन निवडा. आपल्या चलनाला हो म्हटलं की दर ते ठरवतात, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.

उनाड

लोकहो, धाग्याचं माहितीपुस्तक व्हायला लागलंय. थोडं सुखाकडे वळू.

नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे, मोकळ्या रानात कुणालाही हिंडायचा हक्क देणारा. जमीन कुणाचीही असो, शेती-कुंपण सोडून उघड्या माळावर चाला, बेरी वेचा, तंबू ठोका. वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारायचं, बस. मी ट्रोम्सोच्या बाजूला उन्हाळ्यात गेलो होतो, सूर्य मावळतच नाही. रात्री दोन वाजता सोनेरी उन्हात डोंगर चढलो. कुणी अडवलं नाही, कुठे तिकीट नाही, फाटक नाही. "इथून हो" म्हणणारं कुणी नसणं हे इतकं मोठं सुख आहे हे तिथे कळलं.

वैताग एकच, झोप! पडदा कितीही ओढा, दिवस आत येतो.

कासव

ज्येष्ठ नागरिकाचा अनुभव लिहितो.

गुडघे दुखतात, त्यामुळे मी आणि ही, आम्ही दोघं दिवसात एकच गोष्ट ठरवतो. माद्रिदला मुक्काम होता. प्रादो संग्रहालयात दिवसाचे शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो. रांग असते, पण भराभर सरकते. आम्ही रोज संध्याकाळी जायचो. रोज तेच: वेलास्केझचं १६५६ चं 'लास मेनिनास'. पहिल्या दिवशी राजकन्या दिसली. दुसऱ्या दिवशी मागच्या आरशातले राजा-राणी दिसले. नंतर हिने दाखवलं की पार मागे दारात एक माणूस पायरीवर थांबलाय, तो येतोय की जातोय ते कळत नाही. त्यावर आमचा चार दिवस वाद चालला. ही म्हणते जातोय. मी म्हणतो आत येतोय. अजून मिटलेला नाही.

वैताग म्हणाल तर बाक. जुन्या शहरांत दगडी चढ-उतार, पायऱ्याच पायऱ्या आणि बसायला जागा नाही. चहा-कॉफी घेतल्याशिवाय टेकता येत नाही. प्रवासाच्या पुस्तकांत सगळं लिहितात, बाक कुठे आहेत ते लिहीत नाहीत.

निळी_शाई

कासवकाका, तो माणूस जातोय. काकूंना माझा पाठिंबा कळवा.

मधमाशी

मी काकांच्या बाजूने. तो आत येतोय, पडदा बाजूला करतोय.

सांजवात

एक बाजू राहिली आहे ती मांडते. मी काही वर्षं बार्सिलोनात राहिले आहे, पर्यटक म्हणून नाही, भाड्याच्या घरात.

आमच्या इमारतीतली निम्मी घरं हळूहळू पर्यटकांसाठी गेली. पहाटे जिन्यावरून चाकांच्या बॅगांचा आवाज, दर तीन दिवसांनी नवे शेजारी, कुणाचं नाव कळायच्या आत ते गेलेले. कोपऱ्यावरचं चपला दुरुस्त करणारं दुकान गेलं. भाडं वाढलं, वरच्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं शहराबाहेर राहायला गेलं. जुलै २०२४ मध्ये तिथे मोर्च्यातल्या लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ती बातमी सगळीकडे गमतीची म्हणून फिरली. मला हसू आलं नाही. महापालिकेने आता दहा हजारांहून अधिक पर्यटक-घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत असं जाहीर केलं आहे. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली.

म्हणून मला वाटतं, आपल्या सुखावैतागाची चर्चा करताना ज्यांच्या दारात आपण जातो त्यांचाही वैताग मोजावा. मी आता घराऐवजी हॉटेलात उतरते, गर्दीचे महिने टाळते, आणि जिन्यात बॅग उचलून नेते.

हिशेबनीस

सांजवातताई, पटलं. पण एक शंका. गर्दीचे महिने टाळा म्हणता, ज्यांना मुलांच्या सुट्टीतच जाता येतं त्यांनी काय करायचं? आणि एकाच गावी महिनाभर घर घेऊन राहणारे, म्हणजे या धाग्याच्या हिशेबाने आदर्श प्रवासी, तेच तर ही घरं भरतात ना?

सांजवात

बरोबर बोट ठेवलंत. महिनाभर राहणारा माणूस शेजाऱ्याला ओळखू लागतो, हे खरं. पण घर तो घेतोच. माझ्याकडे यावर सोपं उत्तर नाही. सुट्टीतच जायचं असेल तर त्याच देशातलं दुसरं गाव बघा, एवढं म्हणेन. बार्सिलोनाच्याच कातालोन्या प्रांतात जिरोना आहे, तारागोना आहे. तारागोनाला तर समुद्राकाठी रोमन रंगमंडळ आहे.

जुनी_खिडकी

या फांदीवर वेगळा धागा निघायला हवा. महत्त्वाचं आहे.

दीपगृह

अवांतर, पण तब्येतीचं असल्यामुळे सांगतो. पेरूला जाणारे लोक माचू पिचूच्या उंचीची चिंता करतात. ते २,४३० मीटरवर आहे. खरा त्रास कुस्कोला होतो, ते सुमारे ३,४०० मीटरवर. विमानातून थेट तिथे उतरलं की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. शक्य असेल तर उतरल्या उतरल्या खाली खोऱ्यातल्या गावांत जाऊन राहा आणि कुस्को शेवटी बघा. इथे तर हळू जाणं हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तुमचं म्हणणं मी मान्य करते, अर्ध्याहून जास्त. "गावं कमी, दिवस जास्त" हा नियम मी सगळ्यांना लावत होते. तुमच्या वडिलांना एकच दिवस मिळाला आणि तो त्यांना पुरला, कारण त्या बोगद्याशी त्यांची ओळख जुनी होती. त्यांना तिथे थांबून शिकावं लागलं नाही, ते शिकूनच आले होते. काका-काकू एका चित्रासमोर आठवडा घालवतात, तेही त्याच जातीचं सुख. दिवसांच्या संख्येवर ते अवलंबून नाही, हे मला इथे कळलं.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. तुमच्या वडिलांना परत प्लॅटफॉर्मवर जाऊन इंजिन बघायला वेळ मिळाला, तो आई थंडीत थांबली म्हणून. दौऱ्याच्या वेळापत्रकाने तो दिला नव्हता. जे दौरे आखतात त्यांनी दर दिवशी दोन तास रिकामे सोडावेत, ज्याला जिथे ओढ आहे तिथे त्याने जावं. बाकीचा दिवस धावू देत, माझी हरकत नाही.

आणि मधमाशी, तुझ्या त्या रात्रीच्या चालण्याला माझ्या कुठल्याच नियमात जागा नव्हती. त्याचा विचार मनातून जात नाहीये.

हिशेबनीस

दोन रिकामे तास, हे मान्य. आईने थांबवून धरलं म्हणून, हेही खरं. आज रात्री तिला हा धागा वाचून दाखवतो.

काजवा

बाय द वे, मंडळी, ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या ग्रानादाला जायचं ठरतंय (व्हिसाच्या कृपेने). तिथल्या आलांब्रा या जुन्या राजवाड्याचं तिकीट आधी काढावं लागतं का? की दारात मिळतं?

कासव

आधीच काढा, आणि अधिकृत साइटवरूनच. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. नासरी महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. दारापासून महालापर्यंत चालायला बराच वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

काजवा

धन्यवाद काका. आत बाक आहेत का?

कासव

खेनेरालिफेच्या बागांमध्ये आहेत. पाण्याच्या कारंज्यांजवळचे सकाळी लवकर भरतात, वरच्या बाजूचे रिकामे असतात.